यवनांचे कुंभ : पुरावा आणि त्याचे वाचन

१

चंडीगढच्या शासकीय संग्रहालयात गांधार शिल्पांचे एक मोठे दालन आहे. १० एप्रिल १९४८ रोजी लाहोरच्या संग्रहालयातील वस्तूंची दोन देशांत वाटणी झाली. भारताच्या वाट्यास जो ठेवा आला त्यातील सहाशेहून अधिक गांधार शिल्पे, १९६८ साली खुल्या झालेल्या या वास्तूत विसावली आहेत. अंगावरील वस्त्रांच्या खोल चुण्या, कुरळे केस, नाकडोळ्यांची रेखीव ठेवण पाहून प्रेक्षकाच्या तोंडी सहजच 'ग्रीक' हा शब्द येतो. तो सर्वस्वी चुकीचा नाही. परंतु पुरेसाही नाही. या मूर्ती ज्या दगडाच्या घडवल्या तो दगड वायव्येकडील डोंगरांतील, घडवणारे बहुतांशी तेथलेच, काळ मुख्यतः कुषाणांचा आणि आशय बौद्ध. तेव्हा 'ग्रीक' म्हणताना नेमके काय ग्रीक म्हणावयाचे, दगड, हात, घाट की अर्थ, हा प्रश्न त्या दालनातून बाहेर पडताना अभ्यासकाच्या मनात उरतो.

हाच प्रश्न महाराष्ट्रात एका साध्या वस्तूच्या निमित्ताने उपस्थित झाला आहे. ती वस्तू म्हणजे पांढरीच्या टेकाडांतून निघालेली 'यवनी' भांडी : कोल्हापूरची ब्राँझची झारी आणि नेवासे, घारापुरी इत्यादी ठिकाणच्या कुंभांची खापरे. गेल्या ऐंशी वर्षांत या भांड्यांचे वाचन अनेकदा बदलले. त्या बदलांचा इतिहास पुरातत्त्वज्ञांइतकाच साहित्याच्या अभ्यासकांनाही उपयोगी आहे. कारण भारतीय साहित्याच्या कालनिर्णयात आणि 'प्रभावा'च्या चर्चेत ही खापरे वारंवार साक्षीला बोलावली गेली आहेत.

२

प्रथम नावांचा खुलासा करणे इष्ट. ग्रीक भांड्यांची नावे त्यांच्या कामावरून पडलेली आहेत. 'ओइनोखोए' म्हणजे मद्य ओतण्याचे भांडे. एक उभी मूठ आणि ओतण्यास सोयीचे तोंड ही त्याची खूण. मराठीत त्याला झारी म्हणता येईल, मात्र आपल्या झारीची तोटी त्याला नसते. 'हुद्रिआ' हा पाण्याचा घडा. त्याला तीन मुठी, दोन उचलण्यासाठी आणि तिसरी ओतताना धरण्यासाठी. 'अँफोरा' म्हणजे दोन्ही बाजूंनी उचलावयाचा कुंभ. उंच मान, दोन मुठी आणि खाली निमुळता होत गेलेला टोकदार बुंधा असा त्याचा घाट असे. तो जमिनीवर उभा राहत नाही. जहाजाच्या तळाशी एकात एक अडकवून रचता यावा आणि रिकामा करताना बुंध्याला धरून कलता करता यावा, यासाठी ही रचना होती.

अथेन्सच्या कुंभारांनी इ. स. पूर्व सहाव्या आणि पाचव्या शतकांत घडवलेली काळ्या-तांबड्या चित्रांची भांडी जगप्रसिद्ध आहेत. महाराष्ट्रातील सापडीशी त्यांचा संबंध नाही. येथे जे मिळाले ते त्यानंतर कित्येक शतकांनी, ग्रीक भाषिक पूर्व भूमध्य प्रदेश रोमच्या सत्तेखाली आला त्या काळात, व्यापाराच्या ओघात आलेले आहे. म्हणूनच या वस्तूंना कोणी ग्रीक म्हणतात, कोणी रोमन म्हणतात, आणि आपल्या प्राचीन ग्रंथांना दोहोंसाठी 'यवन' हा एकच शब्द पुरतो.

मराठी लेखनात अँफोराला 'मद्यकुंभ' हा प्रतिशब्द रूढ झाला आहे. शब्द सुंदर आहे, पण तो पात्राबरोबर पात्रातील पदार्थही ठरवून टाकतो. अँफोरांतून ऑलिव्हचे तेल जाई, माशांचे खारवलेले कालवणही जाई. पुदुच्चेरीजवळील अरिकमेडू येथे अशा कुंभांचे तुकडे मिळालेले आहेत. भाषांतर करताना घेतलेला हा छोटासा निर्णय पुढे वाचनाला वळण लावतो, याचे भान असणे आवश्यक आहे.

३

कोल्हापुरात पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरी नावाची टेकडी आहे. १९४४ च्या सुमारास प्रा. के. जी. कुंदणगार यांच्या खोदकामात तेथे ब्राँझच्या वस्तूंचा एक संचय हाती लागला. त्यानंतर १९४५-४६ साली डेक्कन कॉलेजच्या वतीने ह. धी. सांकळिया आणि मो. गं. दीक्षित यांनी टेकडीचे पद्धतशीर उत्खनन केले; त्याचा वृत्तांत १९५२ साली प्रसिद्ध झाला. थरांच्या पुराव्यावरून सातवाहनकालीन समृद्ध वस्तीचे चित्र उभे राहिले.

संचयातील दोन वस्तूंनी सर्वांचे लक्ष वेधले. एक, समुद्रदेव पोसायडनची वीतभरही उंच नसलेली मूर्ती. दुसरी, ओइनोखोए जातीची झारी. याशिवाय पर्सिअस आणि अँड्रोमिडा यांच्या कथेचे उठावदार दृश्य असलेली एक तबकडीही होती. समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या अलीकडे, ग्रीक समुद्रदेवाची मूर्ती सापडावी ही घटनाच कल्पनेला चेतवणारी होती. कोल्हापुरात ग्रीक व्यापाऱ्यांची वसाहत असावी येथपासून, येथल्या कलावंतांनी ग्रीकांकडून ओतकामाची विद्या घेतली असावी येथपर्यंत तर्क करण्यास ती पुरेशी होती.

कार्ल खंडालावाला यांनी १९६० साली 'ललित कला' या नियतकालिकात या संचयाचा स्वतंत्र विचार केला. पुढे भूमध्य प्रदेशातील धातुपात्रांचे जाणकार रिचर्ड डी प्यूमा यांनी १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या लेखात प्रत्येक वस्तू तपासली. त्यांच्या पाहणीतून दोन गोष्टी पुढे आल्या. पहिली अशी की, झारीचा घाट ग्रीक परंपरेतील असला, तरी तिची जात इटलीतील कँपानिया प्रांताच्या कारखान्यांशी जुळते आणि काळ इसवी सनाच्या पहिल्या शतकाचा ठरतो. पोसायडनच्या मूर्तीमागेही ग्रीक शिल्पाचा नमुना आहे, पण ती मूर्ती त्या नमुन्याची रोमन काळातील लहान आवृत्ती होय. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. संचयात शंभराच्या घरात वस्तू होत्या. त्यांपैकी समुद्रापलीकडून आलेल्या जेमतेम दहाएक. उरलेल्या सर्व भारतीय घडणीच्या. त्यांतच हत्ती आणि त्यावरील स्वार यांची ती छोटी ब्राँझकृती आहे, जिची गणना आज प्राचीन भारतीय धातुकलेच्या उत्तम नमुन्यांत होते.

एवढ्यावरून चित्र पालटते. दहा परदेशी वस्तूंकडे पाहून उरलेल्या नव्वदांवर 'ग्रीक प्रभाव' शोधण्याऐवजी, नव्वद स्थानिक वस्तूंच्या घरात हौसेने जपलेल्या दहा परदेशी वस्तू असे वाचन करणे भाग पडते. झारी तीच, पण ती कोणाच्या घरात आणि कोणत्या भांड्यांच्या शेजारी होती हे ध्यानात घेतले की तिचा अर्थ बदलतो. बडोद्याजवळ अकोटा येथे अशाच एका झारीची केवळ मूठ सापडली. तिच्यावर बालमदन एरोसची आकृती आहे. तिलाही हाच न्याय लागू होतो.

४

धातूच्या भांड्याबाबत एवढा गोंधळ, तर खापरांबाबत तो अधिक असल्यास नवल नाही. १९४४ साली मद्रासच्या संग्रहालयातील एका कपाटात मॉर्टिमर व्हीलर यांना अँफोराचा एक तुकडा दिसला. त्याचा माग काढीत १९४५ साली त्यांनी अरिकमेडू येथे उत्खनन केले. भूमध्य प्रदेशातील मातीच्या भांड्यांचा काळ ठाऊक होता. त्यांच्याबरोबर एकाच थरात मिळणाऱ्या भारतीय भांड्यांचा काळ त्यावरून ठरवता येईल, ही त्यांची भूमिका होती. या पद्धतीने दक्षिण भारताच्या प्राचीन इतिहासाला कालाचा एक खुंटा मिळाला. महाराष्ट्रातील सातवाहनकालीन थरांचा आणि तमिळ संघम् साहित्याच्या काळाचा विचार करणाऱ्यांनीही या खुंट्याचा आधार घेतला.

येथे एक चूक शिरली. अरिकमेडूस चक्राकार नक्षीच्या बारीक ठिपक्यांनी सजवलेल्या राखी-काळ्या थाळ्या मोठ्या संख्येने मिळाल्या. त्यांची घडण इतकी सफाईची, की त्या भूमध्य प्रदेशातून आल्या असाव्यात असे व्हीलर यांस वाटले. विमला बेगली यांनी १९८० च्या दशकात या मताची फेरतपासणी करून त्या थाळ्या भारतात घडवलेल्या असल्याचे प्रतिपादन केले, आणि अरिकमेडूच्या वस्तीचा आरंभ पुष्कळ मागे नेला. १९९७ साली डेक्कन कॉलेजातील विश्वास गोगटे यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने खापरांच्या मातीतील खनिजे तपासली. त्या मातीचे मूळ त्यांना बंगालमधील चंद्रकेतुगढ-तामलुक परिसरात आढळले. जे भांडे अर्धशतक 'रोमन' म्हणून गणले गेले ते भारतीयच निघाले.

महाराष्ट्रातील कुंभांची कथाही याच वळणाची आहे. प्रवरेच्या काठी नेवासे येथे १९५४ ते १९५६ या काळात झालेल्या उत्खननात अँफोरांचे तुकडे नोंदवले गेले. घारापुरीच्या किनाऱ्यावरही अशी खापरे मिळत. ओळख पटवण्याच्या खुणा दोन होत्या : जाड, लांबट घाट आणि आतील बाजूस काळा लेप. भूमध्य प्रदेशात मद्य झिरपू नये म्हणून कुंभाला आतून देवदार जातीच्या वृक्षांच्या राळेचा लेप देत, हे माहीत होते. काळा लेप दिसला की कुंभ रोमन, असे समीकरण त्यातून बनले.

परंतु काळा लेप दुसऱ्याही एका कुंभाला असतो. इराणच्या आखाताभोवतालच्या प्रदेशात, मेसोपोटेमियात व लगतच्या इराणात, पार्थियन आणि विशेषतः ससानी काळापासून इस्लामच्या आरंभीच्या शतकांपर्यंत एक लांबोडा, बिनमुठीचा, खाली निमुळता कुंभ घडवीत. आज अभ्यासक त्याला त्याच्या आकारावरून 'टॉर्पेडो' कुंभ म्हणतात. त्याच्या आतील लेप राळेचा नव्हे. जमिनीतून पाझरणाऱ्या डांबराचा. संशोधिका रोबर्टा टॉम्बर यांनी भारतातील खापरे पुन्हा हाताळून २००७ साली दाखवून दिले, की रोमन म्हणून नोंदवलेल्या तुकड्यांपैकी अनेक या आखाती कुंभांचे आहेत, आणि पश्चिम किनाऱ्याच्या बाजूस हे प्रमाण विशेष लक्षणीय आहे. अँफोरांचे खरे तुकडे राहतातच. परंतु त्यांची संख्या घटते आणि उरलेल्यांचा काळही कित्येक शतके पुढे सरकतो.

खापराची परीक्षा कशी होते हेही पाहण्यासारखे आहे. मूठ हाती लागली तर काम सोपे. कोस बेटावरील कुंभाची मूठ दोन गोल कांब्या शेजारीशेजारी जोडल्यासारखी असते. ऱ्होड्स बेटावरील कुंभांच्या मुठींवर शिक्का असे. पण कोसचे मद्य नावाजलेले असल्याने इटलीतील कुंभारांनी तोच घाट उचलला. मग केवळ मुठीवरून भागत नाही; माती पाहावी लागते. नेपल्सच्या उपसागराभोवतालच्या मातीत ज्वालामुखीचे काळे चमकदार कण असतात. भिंगाखाली ते दिसले की घाट ग्रीक बेटाचा, पण कुंभ इटलीचा, असा निर्णय होतो. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकास हा व्यवहार अपरिचित वाटू नये. वृत्त एका भाषेचे आणि मजकूर दुसऱ्या भाषेचा असलेल्या रचना त्याच्या नेहमीच्या पाहण्यातल्या असतात.

५

या चुकीची दुरुस्ती करण्यास भिंगाचीच गरज होती काय? ग्रंथांत काही सूचना नव्हती काय? होती, ती वाचली गेली नाही. 'एरिथ्रियन समुद्राचे पेरिप्लस' हे इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासपुस्तक महाराष्ट्राच्या प्राचीन इतिहासाचे आवडते साधन आहे. पैठण आणि तेर यांचे उल्लेख, तेथून गाड्यांवर लादून भडोचला जाणारा माल, ही माहिती त्यातूनच येते. भडोच बंदरात उतरणाऱ्या मालात मद्याचा क्रम पहिला असून इटलीच्या मद्याला विशेष पसंती होती, हे वाक्य सर्वांनी लक्षात ठेवले. त्याच पुस्तकात, काही प्रकरणे आधी, इराणच्या आखातातील बंदरांतून भडोचकडे मोती, खजूर यांबरोबर मद्यही जात असे, असे स्पष्ट म्हटले आहे. आखाती मद्याची नोंद डोळ्यांसमोर असूनही आखाती कुंभाची शक्यता कित्येक दशके कोणाच्या ध्यानी आली नाही. वाचकाला रोमचे जहाज अपेक्षित होते. म्हणून त्याला रोमचेच जहाज दिसले.

तमिळ संघम् कवितेतही यवनांचे मद्य येते. 'पुरनानूरू'तील नक्कीररच्या एका कवितेत पांड्य राजाला उद्देशून यवनांनी आणलेल्या शीतल, सुगंधी मद्याचा उल्लेख आहे. तेथे योजलेल्या 'कलम्' या शब्दाचे दोन अर्थ होतात, जहाज आणि पात्र. यवनांनी ते मद्य उत्तम जहाजांतून आणले की उत्तम पात्रांतून, याचा निर्णय व्याकरणाने होत नाही. उत्खननातील कुंभांच्या भरवशावर 'पात्र' हा अर्थ पक्का करणे आणि मग त्या कवितेच्या भरवशावर कुंभांना 'मद्यकुंभ' ठरवणे, हे वर्तुळ होय. दोन्ही साक्षीदार एकमेकांना जामीन राहिले, तर न्यायाधीशाने कोणाचे ऐकावे?

महाराष्ट्रातील शिलालेखांचे यवन तर आणखी वेगळे आहेत. कार्ले येथील चैत्यगृहाच्या स्तंभांवर धेनुकाकटाच्या यवनांची दाने कोरलेली आहेत. त्यांची नावे सिंहध्वज, धर्म अशी भारतीय आहेत. जुन्नरच्या लेण्यांत इरिल नावाच्या यवनाने पाण्याच्या दोन पोढी दिल्या. चिट नावाच्या यवनाने भिक्षुसंघाला भोजनमंडप दिला. नाशिकच्या लेण्यात धम्मदेवाचा पुत्र इंद्राग्निदत्त याचे दान आहे. तो योनक, दात्तामित्रीचा रहिवासी आणि 'उत्तरेकडील' असे लेखात म्हटले आहे. म्हणजे हा यवन जहाजातून उतरलेला नव्हे. तो वायव्येकडून, ज्या भूमीची शिल्पे आज चंडीगढच्या दालनात उभी आहेत त्या दिशेने, आलेला. पिता आणि पुत्र दोघांचीही नावे भारतीय, धर्म बौद्ध, लेखाची भाषा प्राकृत. त्याच त्रिरश्मी डोंगरात, पुळुमावीच्या १९ व्या वर्षीच्या लेखात, गौतमी बलश्री आपल्या पुत्राचा गौरव शक, यवन आणि पह्लव यांचा निर्दालक असा करते. एकाच डोंगरातील दोन लेण्यांत 'यवन' हा शब्द एकदा शत्रूचा आणि एकदा दात्याचा वाचक आहे.

या दात्यांच्या लेखांत मद्य नाही, झारी नाही. आहे ते पाण्याचे टाके आणि जेवणाची जागा. यवन म्हटला की मद्य, ही जोडी काव्याने आणि खापरांनी मिळून बनवली. शिलालेखांचा यवन त्या जोडीत बसत नाही.

६

पात्राचे जे झाले तेच एका शब्दाचे यापूर्वी झाले होते. संस्कृत नाटकातील पडद्याला 'यवनिका' म्हणतात. आल्ब्रेख्ट वेबर यांनी संस्कृत नाटकामागे ग्रीक नाटकाची प्रेरणा असावी अशी शंका व्यक्त केली होती. १८८२ साली अर्न्स्ट विंडिश यांनी तिचा सविस्तर विस्तार केला, आणि या शब्दाचाही पुरावा म्हणून उपयोग झाला. १८९० साली सिल्व्हाँ लेव्ही यांनी या मताला विरोध केला. 'यवनिका' म्हणजे फार तर यवनदेशी कापडाचा पडदा; कापड परदेशी असले म्हणून त्यामागील खेळ परदेशी ठरत नाही, हा विरोधी पक्षाचा साधा युक्तिवाद होता. शिवाय 'जवनिका' हे रूप आणि त्याची वेगळी व्युत्पत्ती सांगणारेही अभ्यासक आहेत. ग्रीक रंगभूमीवर तसा पडदा नव्हता, ही अडचण तर होतीच.

कोल्हापूरची झारी आणि नाटकातील यवनिका यांची जात एकच आहे. दोन्ही संपर्काचे पुरावे आहेत, प्रभावाचे नव्हेत. संपर्क सिद्ध करण्यास एक खापर पुरते. प्रभाव सिद्ध करावयाचा तर घेणाऱ्याने त्या वस्तूचे काय केले हे दाखवावे लागते : तिचा घाट उचलला काय, उचलताना मोडला काय, तिला नवे काम दिले काय. गांधारच्या शिल्पकाराने ते केले. म्हणून तेथे प्रभाव हा शब्द सार्थ आहे, आणि म्हणूनच तेथील निर्मितीला नुसते ग्रीक म्हणून चालत नाही. ब्रह्मपुरीच्या घरधन्याने झारी जपून ठेवली, एवढेच आज सांगता येते. आणि तेवढे सांगण्यात कमीपणा नाही.

या वाचनातील चुका दोन उलट दिशांच्या आग्रहांतून झाल्या. भारतातील जे जे सफाईदार ते ते पश्चिमेकडून आले असे मानणाऱ्यांनी बंगालच्या थाळीला रोमन ठरवले. त्याची प्रतिक्रिया म्हणून उद्या कोणी कोसच्या कुंभालाही एतद्देशीय ठरवू पाहील, तर तीही तेवढीच चूक होईल. कोणत्याही आग्रहाला दाद न देणारे साधन एकच, आणि ते म्हणजे माती. गोगटे यांना चंद्रकेतुगढ आणि टॉम्बर यांना आखात दाखवले ते मातीनेच. साहित्याच्या अभ्यासकाजवळ तसे भिंग नाही. परंतु त्याच्याजवळ शब्द आहे, आणि शब्दाचीही माती तपासता येते. 'यवन' हा शब्द कोणत्या लेखात, कोणत्या शतकात, कोणाच्या तोंडी आणि कोणत्या शब्दांच्या शेजारी आला, हे प्रत्येक वेळी नव्याने पाहणे म्हणजेच ती तपासणी होय.

कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या वस्तू जतन केलेल्या आहेत. 'ग्रीक' या एका विशेषणाने तेथील झारीचे समाधान होणार नाही. तिचा घाट ग्रीकांचा, ओतकाम इटलीचे, पोहोचवणारी जहाजे बहुधा मिसरच्या बंदरांतून सुटलेली आणि तिला घरात जागा देणारा पंचगंगाकाठचा गृहस्थ. या चारांपैकी एकाचेच नाव तिला द्यावयाचे झाल्यास, ते शेवटच्याचे देण्यास इतिहासाची हरकत नसावी. कारण पहिले तिघे तिला सोडून गेले, आणि ती त्याच्याकडे राहिली.